वयाची अट कंपनीला घाला

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्सी नावाचे गाव आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरायचा नाही असा ठराव केला आणि तो मोडल्यास २०० रुपये दंड ठरवला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळी वाट धरली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद करायचे आणि पुढचा दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, असा उपक्रम तिथे सुरू झाला. करोनाकाळात ऑनलाइन वर्गांसाठी मुलांच्या हाती फोन आले आणि शाळा उघडल्यावरही ते सुटेनात, ही दोन्ही गावांची तक्रार होती. तक्रार खरी होती आणि ती मनावर घेणारे लोक कौतुकास पात्र आहेत. मात्र दोन्ही उपायांचा रोख घराकडे होता: मुलाला आवरा, कुटुंबाला शिस्त लावा. ग्रामपंचायतीला याहून वेगळे काही करणे शक्यही नव्हते. मुलाचा अंगठा पडद्यावरून हटू नये अशा बेताने जी ॲप्स घडवली जातात, ती घडवणाऱ्या कंपन्यांना जाब विचारण्याचा अधिकार सरपंचाला नाही. तो संसदेला आणि केंद्र सरकारला आहे. म्हणूनच वयाची अट गावाच्या ठरावातून देशाच्या कायद्यात येते, तेव्हा तिचा रोखही बदलला पाहिजे.

अशा अटींचे वारे आता जगभर वाहते आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब अशा मंचांवर खाते ठेवण्यास मनाई केली. जानेवारी २०२६ मध्ये गोव्याच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्र्यांनी तशाच निर्बंधांचा विचार चालू असल्याचे सांगितले. आंध्र प्रदेशातही तीच चर्चा सुरू झाली. त्याआधी, एप्रिल २०२५ मध्ये, १३ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर बंदी घालावी अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा हा धोरणाचा विषय आहे असे सांगून न्यायालयाने त्यात पडण्यास नकार दिला. आणि आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, जो १८ वर्षे पूर्ण न झालेल्या प्रत्येकाला बालक मानतो. १३ की १६ की १८, यावर वाद रंगतो. माझ्या मते आकडा हा या प्रश्नाचा दुय्यम भाग आहे. वयाची अट जरूर हवी, पण त्या वयाच्या मुलाशी कंपनीने काय करायचे नाही, हे तिने आधी सांगितले पाहिजे. मुलाने कुठे जायचे नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. हा क्रम उलटा लागला, तर मुले खोटे वय सांगतात, पालक डोळे मिटून होकार देतात आणि ज्यांच्यामुळे हा सगळा खटाटोप करावा लागला त्या कंपन्या नामानिराळ्या राहतात.

हे होते कसे, ते १३ या आकड्याच्या जन्मकथेत दिसते. अमेरिकेने १९९८ मध्ये मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेचा कायदा केला. ‘कोप्पा’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा हा कायदा २००० मध्ये लागू झाला, तेव्हा फेसबुक, यूट्यूब आणि इन्स्टाग्राम यांपैकी काहीही अस्तित्वात नव्हते. १३ वर्षांखालील मुलाची माहिती गोळा करायची असेल तर पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घ्या, एवढेच त्याचे सूत्र. सुरुवातीच्या प्रस्तावात पालकांच्या सहभागाची मर्यादा १६ वर्षांपर्यंत जात होती. ऑनलाइन व्यापार करणाऱ्या कंपन्यांनी विरोध केला, किशोरवयीनांच्या स्वातंत्र्याची काळजी असलेल्या नागरी हक्क गटांनीही आक्षेप घेतले आणि तडजोडीत आकडा १३ वर आला. पुढे जगभरातल्या ॲप्सनी तोच आकडा आपल्या अटींमध्ये उतरवून घेतला. युरोपीय संघाने २०१८ पासून लागू केलेल्या नियमांत १६ हे वय धरले, पण सदस्य देशांना ते १३ पर्यंत खाली आणण्याची मुभा दिली. म्हणून जर्मनीत १६, फ्रान्समध्ये १५ आणि बेल्जियममध्ये १३ असे वेगवेगळे आकडे आहेत. मूल कोणत्या वाढदिवसाला समंजस होते, याचे उत्तर विज्ञानाने दिलेले नाही. आकडा प्रत्येक वेळी वाटाघाटीतून ठरतो आणि त्यात काही गैर नाही. मतदानाचे वयही असेच ठरते. आकड्याच्या एका बाजूला नेमके काय बदलते, यावर त्याची किंमत अवलंबून असते.

अमेरिकेत फारसे काही बदलले नाही, कारण कायद्यात एक मोठी पळवाट राहिली. खास मुलांसाठी चालवलेली संकेतस्थळे सोडली, तर बाकीच्यांवर जबाबदारी येते ती समोरचा वापरकर्ता १३ वर्षांखालील असल्याचे त्यांना प्रत्यक्ष माहीत असेल तेव्हाच. मग माहीत करून न घेणे हेच फायद्याचे ठरले. नोंदणीच्या पानावर जन्मवर्ष विचारायचे, मुलाने ते दोन-तीन वर्षे मागे सरकवले की खाते उघडायचे आणि पुढे कोणी विचारलेच तर मुलाकडे बोट दाखवायचे. २०११ मध्ये डाना बॉइड, एस्टर हार्गिटाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सुमारे हजार पालकांची पाहणी प्रसिद्ध केली. १२ वर्षांच्या मुलांच्या पालकांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी आपल्या मुलाचे फेसबुक खाते असल्याचे सांगितले. त्यांतल्या बहुतेकांना ते उघडतानाच ठाऊक होते आणि अनेकांनी ते उघडायला स्वतः मदत केली होती. त्या पालकांना बेजबाबदार म्हणता येणार नाही. आजी-आजोबांशी आणि वर्गमित्रांशी संपर्क राहावा, असे त्यांना वाटत होते आणि नियमाने त्यांच्यापुढे दोनच पर्याय ठेवले होते, मुलाला बाहेर ठेवा किंवा खोटे बोला. जो नियम प्रामाणिक कुटुंबाला खोटे बोलायला लावतो, तो मुलाचे रक्षण तर करत नाहीच, शिवाय मुलाला मोठ्यांच्या रांगेत नेऊन बसवतो. एकदा १० वर्षांच्या मुलीने १३ हे वय सांगितले, की ती १५ वर्षांची झाली तेव्हा कंपनीच्या दप्तरी ती १८ वर्षांची सज्ञान असते.

आपला कायदा या अनुभवातून काही शिकला आहे का? अर्धाच. २०२३ च्या कायद्याच्या कलम ९ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेणे बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी ही संमती कशी घ्यायची ते सांगितले आणि मुख्य तरतुदी अमलात येण्यासाठी १८ महिन्यांचा अवधी दिला. नियमांत चार उदाहरणे दिली आहेत. काही उदाहरणांत मूल स्वतःहून कंपनीला सांगते की मी अज्ञान आहे. उरलेल्यांत पालक स्वतःहून पुढे येतो आणि मुलासाठी खाते उघडायचे आहे असे सांगतो. त्यानंतर पालकाची ओळख आणि त्याचे वय कंपनीकडच्या नोंदींवरून किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेच्या टोकनवरून पडताळायचे. ही चारही उदाहरणे पुन्हा वाचली की त्यांतील उणीव लक्षात येते. प्रत्येक उदाहरणाची सुरुवात कोणीतरी खरे बोलण्यापासून होते. चौदा वर्षांच्या मुलाने एकोणीस सांगितले तर पुढे काय, याचे उदाहरण त्यांत नाही. म्हणजे पालकाची पडताळणी कडक आणि मुलाचे वय मात्र त्याच्या शब्दावर. शिवाय १८ ही एकच रेघ ओढल्यामुळे सात वर्षांचे बालक आणि बारावीत शिकणारा, उद्या मतदान करणारा तरुण यांना कायद्याने एकाच पंगतीत बसवले आहे. डेटा संरक्षण कायद्याचा पहिला मसुदा करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालातच मान्य केले होते की मुलाच्या स्वायत्ततेचा विचार करता १८ हे वय जास्त वाटू शकते; करार करण्याच्या वयाशी सुसंगती राहावी म्हणून तिने ते कायम ठेवले.

पालकांची संमती ऐकायला सुरक्षित वाटते, कारण हे शब्द उच्चारताच जाणत्या, सवड असलेल्या, इंग्रजी वाचणाऱ्या आईवडिलांचे चित्र डोळ्यांपुढे येते. देशाचे चित्र वेगळे आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ३३ टक्के स्त्रियांनीच कधीतरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. पुरुषांत हे प्रमाण ५७ टक्के होते. दुसरीकडे ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाची ८२ टक्के मुले स्मार्टफोन वापरू शकत होती. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. घरातला फोन कसा चालवायचा, हे आईला मुलगाच शिकवतो अशी असंख्य घरे आहेत. तिथे आईच्या नावाचा ओटीपी मुलानेच वाचायचा आणि मुलानेच भरायचा. अशा होकाराला संमती म्हणणे ही कागदाची फसवणूक आहे. याला आणखी एक बाजू आहे. ‘असर’च्या याच पाहणीत स्मार्टफोन वापरू शकणाऱ्या मुलग्यांपैकी ३६ टक्क्यांकडे आणि मुलींपैकी २७ टक्क्यांकडेच स्वतःचा फोन होता. ज्या घरात मुलीच्या हातात फोन देण्यालाच विरोध आहे, तिथे १७ व्या वर्षापर्यंत वडिलांच्या परवानगीची अट म्हणजे तिच्यापुढचे दार आणखी घट्ट लावणे. आणि घरातल्याच माणसाकडून जिचा छळ होतो, तिने मदत शोधायला बाहेर पाहायचे ते त्याच माणसाच्या होकाराने, हे तर कोणत्याच सुजाण कायद्याला मान्य होणार नाही.

मग कलम ९ मध्ये घेण्यासारखे काय आहे? त्याच कलमात पुढे दोन तरतुदी आहेत, ज्यांच्याबद्दल चर्चा फार कमी होते. पहिली सांगते की मुलाच्या हिताला बाधा येईल अशा प्रकारे त्याची माहिती वापरायची नाही. दुसरी सांगते की मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवायची नाही आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायच्या नाहीत. कलमाचा भंग झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माझ्या मते मुलांच्या रक्षणाचा सगळा भार या दोन ओळींवर टाकायला हवा, कारण व्यवसायाची मूळ नस इथे आहे. मुलगी एखाद्या व्हिडिओवर किती सेकंद थांबली, कुठे परत गेली, रात्री किती वाजेपर्यंत जागी होती, या नोंदींवरून तिला पुढचा व्हिडिओ वाढला जातो. एकातून दुसरा आपोआप सुरू होतो, यादीला तळ नसतो. स्नॅपचॅटवर दोन मैत्रिणींनी रोज एकमेकींना फोटो पाठवला तर त्यांच्या नावापुढे दिवसांचा आकडा वाढत जातो आणि एक दिवस चुकला की तो शून्यावर येतो. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्रीही ती फोन उघडते आणि त्यामागे धाक असतो मैत्री मोडण्याचा. हे सगळे कुणीतरी आखलेले, मोजलेले आणि सुधारत नेलेले आहे. दुधात भेसळ सापडली, तर दूध किती वर्षांच्या मुलाने प्यावे यावर आपण परिसंवाद भरवत नाही. भेसळ करणाऱ्याला पकडतो.

कंपनीवर बंधन घातले तर फरक पडतो, याचा पुरावा ब्रिटनमध्ये आहे. तिथल्या माहिती आयुक्तांनी मुलांच्या वयाला साजेशा रचनेची संहिता तयार केली आणि २ सप्टेंबर २०२१ पर्यंत ती पाळायला मुदत दिली. या संहितेने कोणालाही बाहेर काढले नाही. १८ वर्षांखालील वापरकर्त्यासाठी गोपनीयतेची सेटिंग मुळातच कडक ठेवा, त्याचे ठिकाण उघड करू नका, त्याला खिळवून ठेवणाऱ्या युक्त्या वापरू नका, असे ती कंपनीला सांगत होती. मुदत संपण्याआधीच्या काही आठवड्यांत एकामागून एक घोषणा झाल्या. यूट्यूबने अल्पवयीनांसाठी व्हिडिओ आपोआप सुरू होणे मुळात बंद ठेवले. टिकटॉकने १३ ते १५ वयाच्या मुलांना रात्री नऊनंतर आणि १६-१७ वयाच्यांना रात्री दहानंतर सूचना पाठवणे थांबवले. इन्स्टाग्रामने १६ वर्षांखालील नवी खाती आपोआप खासगी ठेवायला सुरुवात केली. संहिता एका देशाची होती, पण यांतले काही बदल जगभर लागू झाले. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२२ मध्ये, आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने मुलांची खाती मुळात सार्वजनिक ठेवल्याबद्दल आणि व्यावसायिक खात्यांतून त्यांचे फोन क्रमांक व ईमेल उघड झाल्याबद्दल इन्स्टाग्रामला ४० कोटी ५० लाख युरोंचा दंड ठोठावला. मोहित्यांचे वडगाव गावाला भोंगा वाजवून जे साधायचे होते, त्याचा एक भाग टिकटॉकच्या अभियंत्यांना सर्व्हरवरची एक सेटिंग बदलून साधता आला. फक्त तसे करायला त्यांना कायद्याचा रेटा लागला.

यावर पहिला आक्षेप असा येईल की वापरकर्ता मूल आहे हेच कंपनीला कळले नाही, तर तिच्यावर बंधन कसे घालणार? कंपन्यांना कळते, हे त्याचे उत्तर. २०१९ मध्ये यूट्यूब आणि गूगलने अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी १७ कोटी डॉलर भरून तडजोड केली, त्या प्रकरणात एक गोष्ट नोंदली गेली. ६ ते ११ वर्षांच्या मुलांपर्यंत पोचण्यात आपण टीव्ही वाहिन्यांच्या पुढे आहोत, असे यूट्यूब खेळण्यांच्या कंपनीला सांगत होते आणि त्याच काळात आपल्या मंचावर १३ वर्षांखालील वापरकर्ते नाहीत, असे एका जाहिरात कंपनीला सांगत होते. आता तर फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक असलेली मेटा स्वतःच जाहीर करते की मोठे वय लिहिलेल्या किशोरवयीनांना ओळखण्यासाठी ती कृत्रिम बुद्धिमत्ता वापरते. कोण कोणाशी बोलतो, काय पाहतो, कितव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात, यावरून वयाचा अंदाज बांधता येतो. जाहिरात विकताना जो अंदाज पुरेसा असतो, तो जबाबदारी घेतानाही पुरेसा मानला पाहिजे. म्हणून ‘मुलाने आम्हाला सांगितले नाही’ हा बचाव आपल्या नियमांनी स्पष्ट शब्दांत बंद करावा: मूल असल्याचे ओळखण्याइतकी चिन्हे कंपनीच्या हाती असतील, तर तिला ते माहीत होते असेच धरले जाईल.

दुसरा मार्ग सुचवला जातो तो प्रत्येक वापरकर्त्याचे आधार किंवा चेहरा तपासण्याचा. तो मोह टाळला पाहिजे. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांना खऱ्या ओळखीची पडताळणी सक्तीची केली. संकेतस्थळांकडे नागरिकांच्या ओळख क्रमांकांचे साठे जमले आणि २०११ मध्ये एका कंपनीच्या सेवांवर हल्ला होऊन सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. पुढच्याच वर्षी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती सक्ती रद्द केली. त्याच देशाने २०११ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळेत ऑनलाइन गेम खेळायला बंदी घातली होती. मुले आईवडिलांचे ओळख क्रमांक टाकून खेळत राहिली आणि २०२२ च्या सुरुवातीला तो कायदाही मागे घेतला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपच्या एका सेवा पुरवठादाराकडून सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे फुटली; वयाविषयीच्या तक्रारींसाठी ती मागवलेली होती. मुलांची माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी सगळ्या देशाची ओळखपत्रे खासगी कंपन्यांकडे जमा करणे म्हणजे रोगापेक्षा उपाय भारी. जिथे पडताळणी अटळ आहे, तिथे ‘वय अमुकच्या वर आहे’ एवढाच होकार देणारे आणि नाव-पत्ता न देणारे टोकन पुरते. नियमांत टोकनाची तरतूद आहेच; ती मुख्य मार्ग व्हावी आणि ओळखपत्राची प्रत मागण्यास मनाई असावी.

‘एवढे कशाला, ऑस्ट्रेलियासारखी सरसकट बंदीच घाला,’ असे अनेक पालक कळकळीने म्हणतात. त्या कायद्यातील एक गोष्ट खरोखर घेण्यासारखी आहे. नियम मोडल्यास शिक्षा मुलाला किंवा पालकाला होत नाही. पुरेसे प्रयत्न न करणाऱ्या कंपनीला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होतो. सरकारी ओळखपत्र हाच एकमेव पर्याय ठेवण्यासही तो मनाई करतो. पहिल्याच महिन्याभरात सुमारे ४७ लाख खाती बंद किंवा मर्यादित झाल्याचे तिथल्या सरकारने जाहीर केले. याचा अर्थ कंपन्यांवर बोजा टाकला की त्या हलतात. पण बंदीची दुसरी बाजू पाहा. खाते नसतानाही यूट्यूबचे व्हिडिओ पाहता येतात आणि तेव्हा मुलाच्या खात्याला लावलेली संरक्षणेही गळून पडतात. संदेश पाठवणारी ॲप्स बंदीबाहेर आहेत. सगळ्यांत महत्त्वाचे, १६ व्या वाढदिवशी मुलगा त्याच यंत्रासमोर जाऊन बसतो, ज्यात काहीही बदललेले नाही. बंदीमुळे कंपनीला ‘आमच्याकडे आता मुले नाहीतच’ असे म्हणायची सोय होते आणि मुलांसाठी काही सुधारण्याचे कारणच उरत नाही. बंदी लहान वयात, १३ च्या आत, योग्य आहे. त्यापुढे मंचाची रचनाच बदलून घेणे अधिक उपयोगाचे.

काही अभ्यासक विचारतात, हानी होते हे तरी सिद्ध झाले आहे का? प्रश्न रास्त आहे. जोनाथन हाइट यांनी २०२४ च्या आपल्या पुस्तकात किशोरवयीनांच्या वाढत्या मानसिक त्रासाचा दोष स्मार्टफोनवर ठेवला. कँडिस ऑजर्स यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी तो कार्यकारणभाव पुराव्याने टिकत नाही असे म्हटले. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांच्या २०१९ च्या अभ्यासात किशोरवयीनांच्या स्वास्थ्यातील फरकापैकी जेमतेम ०.४ टक्के फरक तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता आला. मात्र ही सरासरी आहे. सरासरीत क्रिकेटच्या चर्चा वाचणारा मुलगा असतो आणि उपासमारीने बारीक होण्याचे व्हिडिओ रात्रभर पाहणारी मुलगीही असते. इन्स्टाग्रामच्या आतल्या संशोधनातच आपल्या शरीराबद्दल वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी तिघींतल्या एकीला हे ॲप अधिक वाईट वाटायला लावते, असे नोंदले होते. २०२१ मध्ये कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी ही कागदपत्रे उजेडात आणली. सगळ्या मुलांना बाहेर काढायचे असेल, तर सगळ्यांचे नुकसान होते हे सिद्ध करावे लागेल आणि ते सिद्ध झालेले नाही. पण मुलावर पाळत ठेवू नका, अनोळखी प्रौढाला त्याला थेट संदेश पाठवू देऊ नका, रात्री त्याला जागे करू नका, हे सांगायला त्या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहायची गरज नाही.

शेवटचा आक्षेप मुलांच्या हक्कांचा आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत मुलाला माहिती मिळवण्याचा आणि मत मांडण्याचा हक्क आहे. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने हे हक्क डिजिटल जगातही लागू असल्याचे स्पष्ट केले. बुद्धिबळाचे डाव सोडवणारे, प्रोग्रॅमिंग शिकवणारे, ग्रहताऱ्यांवर बोलणारे ऑनलाइन समुदाय आडगावच्या मुलासाठी गुरुकुलासारखे असतात. मराठी विकिपीडियावर लेख सुधारायला वयाचा दाखला लागत नाही आणि लागूही नये. जाहिराती न दाखवणाऱ्या, माग न काढणाऱ्या अशा लहान समुदायांवर महाकाय कंपन्यांएवढाच पडताळणीचा बोजा टाकला, तर ते बंद पडतील आणि मुलांसाठी उरतील ती फक्त धंद्याची दुकाने. ब्रिटनमध्ये ऑनलाइन सुरक्षा कायद्यानंतर काही छोट्या छंदसमुदायांनी गाशा गुंडाळण्याचे ठरवले, ते याच भीतीने. आपल्या कायद्यात यावर उत्तर आहे. एखादी सेवा मुलांची माहिती पडताळता येईल इतक्या सुरक्षितपणे हाताळत असेल, तर तिच्यासाठी संमतीचे वय कमी करण्याचा अधिकार कलम ९ ने केंद्र सरकारला दिला आहे. तो वापरला, तर सुरक्षित रचना हा कंपन्यांसाठी फायद्याचा सौदा होईल.

तेव्हा नियम अमलात येण्याआधीच्या काळात केंद्र सरकारने चार गोष्टी कराव्यात. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यात वैयक्तिक नोंदींवर चालणारी शिफारसयंत्रणाही येते, हे निःसंदिग्ध सांगावे. मुलाचे वय न कळल्याचा बचाव रद्द करावा. १३ वर्षांखाली खाते नाही, १३ ते १८ दरम्यान सुरक्षित रचना मुळातच लागू आणि १६ नंतर तीच रचना पाळणाऱ्या सेवांसाठी पालकांच्या होकाराची अट नाही, अशा पायऱ्या आखाव्यात. डेटा संरक्षण मंडळाने मोठ्या कंपन्यांच्या मुलांच्या खात्यांची दरवर्षी तपासणी करून अहवाल मराठीसह सर्व भारतीय भाषांत प्रसिद्ध करावा. महाराष्ट्र आणि गोवा सरकारांनी वेगळी बंदी जाहीर करण्याऐवजी शाळांमधून खाते खासगी कसे ठेवायचे आणि त्रास देणाऱ्याची तक्रार कशी करायची, हे शिकवावे. ‘असर’च्या पाहणीत समाजमाध्यमे वापरणाऱ्या मुलांपैकी खाते खासगी करता येणारी ५५ टक्केच होती. पालकांनी घरात शिस्त जरूर लावावी, पण आपल्याला जमत नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नये. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्या ज्या कामासाठी हजारो तज्ज्ञ नेमतात, त्यांच्याशी एकट्या आईने स्वयंपाकघरातून लढावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. ती लढाई कायद्याने लढायची असते. २०० कोटींच्या दंडाची तरतूद संसदेने केली आहे. ती सर्वांत मोठ्या कंपनीवर वापरून दाखवण्याची तयारी सरकारने आजच जाहीर करावी.